ओटो रेहागेल म्हणजे केवळ २००४ चा ग्रीस नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पुरवणीत युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेच्या अनपेक्षित विजेत्यांवर आलेला लेख आस्थेने वाचला. डेन्मार्कच्या १९९२ मधील विजयाविषयी लेखकाने जिव्हाळ्याने लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र ग्रीसच्या २००४ मधील विजयाकडे वळताच त्यांचा सूर बदलतो. हा विजय फुटबॉलला लागलेले गालबोट ठरतो आणि त्या संघाचे जर्मन प्रशिक्षक ओटो रेहागेल हे सगळा संघ गोलासमोर उभा करून दैवावर हवाला ठेवणारे गृहस्थ ठरतात. ग्रीसचा खेळ कोणाला रुक्ष वाटला तर त्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही. तो तेव्हाही पुष्कळांना रुक्ष वाटला होता. माझा आक्षेप एवढाच आहे की, १९७०च्या दशकाच्या आरंभी सुरू होऊन २०१२ मध्ये संपलेली एक कारकीर्द तीन आठवड्यांच्या एका स्पर्धेवरून, आणि तीही अर्धवट आठवणाऱ्या स्पर्धेवरून, निकालात काढू नये. रेहागेल हे मुळात बचावाचे पुरस्कर्ते नव्हतेच, हातात असलेल्या माणसांकडे पाहून खेळ ठरवणारे प्रशिक्षक होते, असे माझे मत आहे आणि त्याला आधार त्यांच्या कारकिर्दीतच सापडतो.

प्रथम ब्रेमेनविषयी, कारण लेखात या शहराचे नावसुद्धा नाही. रेहागेल यांनी १९८१ ते १९९५ अशी सलग चौदा वर्षे वेर्डर ब्रेमेन या क्लबला प्रशिक्षण दिले. १९८१ मध्ये हा संघ दुसऱ्या श्रेणीतून बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल श्रेणीत, नुकता परतत होता. पैशाच्या बाबतीत बायर्न म्युनिकशी त्याची तुलनाही होऊ शकत नव्हती. त्या चौदा वर्षांत या क्लबने १९८८ आणि १९९३ मध्ये बुंडेसलिगा, १९९१ आणि १९९४ मध्ये जर्मन चषक आणि १९९२ मध्ये युरोपीय चषकविजेत्यांचा चषक जिंकला. शेवटच्या या स्पर्धेचा अंतिम सामना लिस्बनच्या लूझ मैदानावर झाला आणि त्यात क्लाउस अलोफ्स आणि विंटन रूफर यांच्या गोलांमुळे ब्रेमेनने मोनॅकोला २-० असे हरवले. मोनॅकोचे प्रशिक्षक होते आर्सेन वेंगर आणि आघाडीला होता जॉर्ज वेआ. (बारा वर्षांनी ग्रीसने अंतिम सामना जिंकला तोही लिस्बनमध्ये आणि लूझ याच नावाच्या मैदानावर, जुने मैदान पाडून शेजारी नवे उभारलेले होते, एवढाच काय तो फरक.)

हा संघ खेळायचा कसा, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. जर्मनीतील जुन्या प्रेक्षकांपुढे 'वेझर नदीकाठचे चमत्कार' एवढे शब्द काढले तर त्यांना काही ठरावीक रात्री आठवतात. १९८७ मध्ये युएफा चषक या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत ब्रेमेन स्पार्टाक मॉस्कोकडून ४-१ असे हरून परतले आणि घरच्या मैदानावरील परतीची लढत जादा वेळेत ६-२ अशी जिंकून पुढे गेले. पुढच्या वर्षी पूर्व जर्मनीच्या डायनॅमो बर्लिनकडून पहिल्या लढतीत ३-० अशी हार पत्करल्यानंतर दुसरी लढत त्यांनी ५-० अशी खिशात घातली. १९८९ मध्ये मॅराडोनाच्या नेपोलीला, म्हणजे त्या वेळच्या युएफा चषक विजेत्यांना, आधी नेपल्समध्ये ३-२ आणि मग ब्रेमेनमध्ये ५-१ असे नमवले. डिसेंबर १९९३ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात अँडरलेख्टविरुद्ध दुसऱ्या सत्रातही बराच काळ ०-३ असे मागे असताना हा संघ शेवटी ५-३ असा जिंकला. गोलासमोर भिंत बांधून बसणाऱ्या प्रशिक्षकाच्या संघाच्या वाट्याला असे निकाल वर्षानुवर्षे येत नाहीत. रेहागेल यांच्या पद्धतीला तेव्हाची जर्मन वृत्तपत्रे 'नियंत्रित आक्रमण' म्हणत, आणि त्या संघाचे सामने पाहिले की दोन्ही शब्द योग्य वाटतात. १९८७-८८ च्या विजेत्या हंगामात ब्रेमेनने ३४ सामन्यांत फक्त २२ गोल स्वीकारले होते, हेही खरे आहे. परंतु पक्का बचाव आणि भित्रा बचाव यांत फरक करता आला पाहिजे.

खेळाडू हेरण्याची त्यांची नजर हा या काळातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. मान्फ्रेड बुर्ग्समुलर हा वयाची पस्तिशी गाठलेला, दुसऱ्या श्रेणीत खेळणारा आघाडीपटू होता आणि त्याची कारकीर्द संपल्याचे सर्वांनी गृहीत धरले होते. रेहागेल यांनी त्याला १९८५ मध्ये ब्रेमेनला आणले आणि १९८८ मध्ये, ३८व्या वर्षी, तो जर्मन विजेता झाला. रूफर न्यूझीलंडचा, रूने ब्राटसेथ नॉर्वेचा; ज्या देशांकडे बुंडेसलिगातील श्रीमंत क्लब त्या काळी वळूनही पाहत नसत तिथले हे दोघे ब्रेमेनला आले आणि क्लबचे आधारस्तंभ झाले. अलोफ्स हाही तिशी उलटल्यावर फ्रान्समधून परत आणलेला. याउलट रूडी फोलर हा तरुणपणी आला, मोठा झाला आणि १९८७ मध्ये रोमाला विकला गेला. त्याच्यासारखा गोल करणारा खेळाडू गमावल्यानंतरच्याच हंगामात ब्रेमेनने विजेतेपद पटकावले. म्हातारे, दुर्लक्षित, दुसरीकडे नको झालेले खेळाडू गोळा करून त्यांच्यावर विश्वास टाकणे आणि त्यांच्याभोवती खेळाची रचना करणे ही त्यांची खरी कला होती. ग्रीसमध्ये त्यांनी जे केले ते या कलेचेच पुढचे पाऊल आहे, आणि ब्रेमेन वगळून ते समजून घेता येत नाही.

लेखात नशिबाचा उल्लेख वारंवार येतो, म्हणून नशिबाचा हिशेबही पुरा मांडावा लागेल. १९८२-८३ च्या हंगामात ब्रेमेन आणि हॅम्बुर्ग यांचे गुण सारखे झाले आणि केवळ गोलफरकाने विजेतेपद हॅम्बुर्गकडे गेले. त्याहून क्लेशदायक प्रसंग एप्रिल १९८६ मधला. हंगामाचे दोन सामने उरले होते आणि ब्रेमेन बायर्नपेक्षा दोन गुणांनी पुढे होते, अशा वेळी हे दोन संघ ब्रेमेनमध्ये समोरासमोर आले. गोलशून्य बरोबरी असताना, सामना संपायला काही क्षण उरले असताना ब्रेमेनला पेनल्टी मिळाली. मिखाएल कुत्सोप या बिनचूक मानल्या जाणाऱ्या खेळाडूने मारलेला चेंडू खांबावर आदळून बाहेर गेला. तो आत गेला असता तर विजेतेपदाचा निर्णय तिथेच लागला असता. शेवटच्या दिवशी ब्रेमेन श्टुटगार्टमध्ये २-१ असे हरले, बायर्नने मोन्शनग्लाडबाखला ६-० असे चिरडले आणि पुन्हा एकदा गोलफरकाने विजेतेपद हुकले. पेनल्टीचा तो निर्णयच चुकीचा होता, चेंडू बायर्नच्या लेर्बीच्या हाताला न लागता तोंडाला लागला होता, ही गोष्ट त्या दिवसाला आणखीच विचित्र करते. ज्या माणसाच्या हातून गोलफरकामुळे दोन विजेतेपदे निसटली त्याला सदैव दैवाचा लाडका म्हणणे जरा अन्यायाचे आहे.

त्याच्याही आधीचा एक दिवस आहे, जो जर्मनीत आजही विसरला गेलेला नाही. २९ एप्रिल १९७८ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, रेहागेल यांचा तेव्हाचा संघ बोरुसिया डॉर्टमुंड हा मोन्शनग्लाडबाखकडून १२-० असा पराभूत झाला. ग्लाडबाखला कोलोनशी गोलफरकाची शर्यत होती, त्यामुळे त्यांनी अखेरपर्यंत पाय मागे घेतला नाही; युप हाइन्केसने एकट्याने पाच गोल केले, आणि तरीही विजेतेपद कोलोनलाच मिळाले. बुंडेसलिगातील सर्वांत मोठ्या फरकाचा तो पराभव आजही कायम आहे. रेहागेल यांना तत्काळ काढून टाकण्यात आले आणि त्यांची यथेच्छ टिंगल झाली. पुष्कळ प्रशिक्षकांची कारकीर्द अशा दिवसानंतर तळाच्या संघांत फिरत संपली असती. दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, फोर्टुना ड्युसेलडोर्फबरोबर त्यांनी जर्मन चषक जिंकला, आणि तोही अंतिम सामन्यात त्याच कोलोनला २-१ असे हरवून.

बायर्न म्युनिकमधील अपयशावर मी पांघरूण घालणार नाही. १९९५ मध्ये ते तिथे गेले, युर्गेन क्लिन्समान आणि आंद्रेआस हेर्त्सोग यांच्यासारखे खेळाडू आले, हंगामाची सुरुवात सलग सात विजयांनी झाली आणि तरीही वर्ष पुरे होण्याआधीच सगळे विस्कटले. एप्रिल १९९६ मध्ये हान्सा रोस्टॉककडून घरच्या मैदानावर हार झाल्यानंतर, युएफा चषकाच्या अंतिम लढती अवघ्या काही दिवसांवर असताना, त्यांना दूर करण्यात आले. फ्रान्झ बेकेनबाउर यांनी सूत्रे घेतली आणि बोर्दोला दोन्ही लढतींत हरवून चषक उचलला. ब्रेमेनमध्ये रेहागेल यांचा शब्द अखेरचा असे. एकाधिकार गाजवणारे म्हणून त्यांची ख्याती होती आणि ती खोटी नव्हती. म्युनिकमध्ये माजी महान खेळाडूंनी भरलेले व्यवस्थापन, रोज छापून येणाऱ्या खासगी गोष्टी आणि स्वतःच्या मताला किंमत आहे असे मानणारे तारे, यांच्यामध्ये तो शब्द कोणी ऐकेना. दोष दोन्ही बाजूंचा होता, पण प्रशिक्षकाचा अधिक होता असे मला वाटते; क्लब बदलला तरी आपली रीत बदलायची नाही, हा त्यांचा हट्ट तिथे नडला.

आता ज्या कामगिरीचा उल्लेख लेखात असायलाच हवा होता तिच्याकडे येतो. १९९६ मध्ये कायझरस्लाउटर्न हा क्लब प्रथमच बुंडेसलिगातून खाली घसरला. त्याच आठवड्याभरात त्याने जर्मन चषक जिंकला होता, म्हणजे आनंद आणि आघात एकदमच. साधारण लाखभर वस्तीच्या या शहरातल्या दुसऱ्या श्रेणीच्या संघाकडे, म्युनिकमधून हाकलले गेलेले रेहागेल त्याच उन्हाळ्यात आले. १९९७ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून संघ वर आला. २ ऑगस्ट १९९७ रोजी नव्या हंगामाचा पहिलाच सामना पडला म्युनिकमध्ये, बायर्नविरुद्ध. डेन्मार्कच्या मिखाएल श्योनबेर्गने शेवटच्या दहा मिनिटांच्या सुमारास हेडर मारला आणि कायझरस्लाउटर्न १-० असे जिंकले. रेहागेल यांच्या मनात त्या संध्याकाळी काय आले असेल याची कल्पना कोणीही करू शकतो.

त्यानंतर जे घडले ते बुंडेसलिगात त्याआधी घडले नव्हते आणि त्यानंतरही घडलेले नाही. चौथ्या फेरीपासून हा संघ अग्रस्थानी गेला आणि तिथून हललाच नाही. मे १९९८ मध्ये, एक फेरी शिल्लक असताना, वोल्फ्सबुर्गला ४-० असे हरवून आणि त्याच दिवशी बायर्नची ड्युसबुर्गमध्ये गोलशून्य बरोबरी झाल्याने, नुकताच वर आलेला संघ जर्मनीचा विजेता ठरला. अंतिम गुण होते ६८ आणि बायर्नचे ६६. हे ३४ सामन्यांचे यश आहे. एखाद्या गटातील सोप्या सोडतीने किंवा एका कॉर्नरने ते मिळत नाही. संघातील माणसे पाहिली तर पुन्हा ब्रेमेनची आठवण होते. १९९० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी पेनल्टी मारणारा आंद्रेआस ब्रेमे ३७ वर्षांचा होता आणि मुख्यतः ड्रेसिंग रूममध्ये उपयोगी पडत होता. चेक प्रजासत्ताकाचा अनुभवी मिरोस्लाव काडलेच बचावाच्या मागे मोकळा खेळत होता. चिरियाको स्फोर्झा परत आणलेला होता आणि मधल्या फळीची सारी दोरी त्याच्या हाती होती. ओलाफ मार्शालने, ज्याच्याकडून इतक्या गोलांची अपेक्षा कोणी केली नसती, २१ गोल केले. आणि राखीव खेळाडूंत केम्नित्झहून आलेला एक विशीतला मुलगा होता, मिखाएल बालाक. दोन वर्षांनी याच क्लबमध्ये रेहागेल यांनी मिरोस्लाव क्लोजे या आणखी एका अनोळखी तरुणाला पहिल्यांदा बुंडेसलिगात उतरवले. पुढे विश्वचषकाच्या इतिहासात सर्वाधिक गोल त्याच्या नावावर लागले. ग्रीसचे विजेतेपद आणि हे विजेतेपद यांत मोठे कोणते, असे विचारले तर माझे उत्तर १९९८ असे आहे, आणि ते देताना मला क्षणभरही थांबावे लागत नाही.

ग्रीसकडे वळताना आधी तो देश फुटबॉलमध्ये कुठे होता ते सांगितले पाहिजे. २००४ पूर्वी ग्रीसने मोठ्या स्पर्धांमध्ये दोनदाच मजल मारली होती, १९८० ची युरोपीय स्पर्धा आणि १९९४ चा विश्वचषक, आणि दोन्हीकडे मिळून एकही सामना जिंकला नव्हता. १९९४ मध्ये तर तीन सामन्यांत दहा गोल खाल्ले आणि एकही केला नाही. रेहागेल २००१ मध्ये आले तेव्हा पहिल्याच सामन्यात फिनलंडने ५-१ असा धुव्वा उडवला. पुढच्याच महिन्यात ओल्ड ट्रॅफर्डवर इंग्लंडला २-२ असे रोखले गेले. बेकहॅमच्या अखेरच्या क्षणांतील फ्री किकमुळे तो सामना सर्वांच्या स्मरणात आहे, पण तेव्हापर्यंत ग्रीस जिंकत होते हे फारसे कोणी सांगत नाही. युरो पात्रता फेरीत स्पेन आणि युक्रेनकडून पहिले दोन्ही सामने गमावल्यानंतर संघाने उरलेले सहाच्या सहा जिंकले, त्यांत स्पेनला स्पेनमध्येच १-० असे हरवले आणि गटात पहिले स्थान मिळवले. आठ सामन्यांत आठ गोल, हे खरे. परंतु दैव सलग सहा सामने सोबत करत नाही. संघात क्लबांच्या गटबाजीवरून रुसवेफुगवे चालत असत, ते त्यांनी मोडून काढले. स्वतः ग्रीक न शिकता, सहायक आणि दुभाषी अशा दोन्ही भूमिकांत वावरणाऱ्या योआनिस तोपालिदिस यांच्या तोंडून त्यांनी हे साधले, याचे मला आजही नवल वाटते.

प्रत्यक्ष स्पर्धेविषयी लेखातील वर्णन स्मरणातून लिहिलेले दिसते. सलामीच्या सामन्यात यजमान पोर्तुगालविरुद्ध ग्रीस मागे बसून राहिले नव्हते. सातव्याच मिनिटाला कारागुनिसने लांबून गोल केला; उत्तरार्धाच्या आरंभी उजवा बचावपटू सेइतारिदिस पार पोर्तुगालच्या गोलक्षेत्रात घुसला, तिथे कोवळ्या क्रिस्तियानो रोनाल्डोने त्याला पाडले आणि बासिनासने पेनल्टीवर दुसरा गोल केला. बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात काय करत होता, हे लेखकाने सांगावे. स्पेनशी १-१ अशी बरोबरी झाली, रशियाकडून २-१ अशी हार झाली, आणि स्पेन व ग्रीस यांचे गुण तसेच गोलफरक सारखे झाले. ग्रीस पुढे गेले ते अधिक गोल केल्यामुळे: स्पेनचे दोन, ग्रीसचे चार. ज्या संघाला गोल करण्याची इच्छाच नव्हती असे आपण छापले आहे तो संघ गटातून पुढे गेला तो केलेल्या गोलांच्या संख्येवर.

बाद फेरीत मात्र चित्र पालटले, आणि तिथे लेखकाचे म्हणणे अर्धे खरे आहे. फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि पुन्हा पोर्तुगाल यांच्याविरुद्ध ग्रीस खाली राहून खेळले, तिन्ही सामने १-० असे जिंकले आणि तिन्ही गोल हेडरने झाले. पण ही रचना आळसातून आलेली नव्हती. त्या काळी जवळजवळ सर्व मोठे संघ विभागवार बचाव करत, म्हणजे प्रत्येक जण आपापली जागा राखत असे. आक्रमकांना त्याची इतकी सवय झाली होती की, एकच माणूस नव्वद मिनिटे सावलीसारखा मागे लागला तर काय करायचे हे ते विसरले होते. रेहागेल यांनी जुनी, टाकून दिलेली माणूस-धरून बचावाची पद्धत पुन्हा काढली, सेइतारिदिसला फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीच्या मागावर ठेवले आणि सर्वांच्या मागे उंचापुरा डेलास मोकळा ठेवला. फ्रान्सविरुद्धचा गोलही नुसता ढकललेला नव्हता: कर्णधार झागोराकिसने लिझाराझूच्या डोक्यावरून चेंडू उचलून त्याला चकवले आणि मग मोजून मापून दिलेल्या क्रॉसवर खारिस्तेआसने हेडर मारला. असा गोल ब्राझीलच्या संघाने केला असता तर त्याचे गोडवे गायले गेले असते.

उपांत्य सामन्यात नशिबाने हात दिला, हे मान्य आहे. चेक प्रजासत्ताकाने तोवर चारही सामने जिंकले होते, आरंभीच रोसित्स्कीचा फटका आडव्या खांबाला लागला, आणि मध्यंतराआधीच नेदवेद जखमी होऊन बाहेर गेला. मात्र जादा वेळेच्या पहिल्या सत्रातील अखेरच्या क्षणी त्सियार्तासच्या कॉर्नरवर डेलासने केलेला गोल सरावाचे फळ होता. तेव्हाच्या 'रुपेरी गोल' नियमानुसार सामना त्या सत्राबरोबरच संपला. अंतिम सामन्यात ४ जुलै रोजी बासिनासच्या कॉर्नरवर ५७व्या मिनिटाला खारिस्तेआसनेच गोल केला. हा खारिस्तेआस त्या वेळी कोणत्या क्लबात होता? वेर्डर ब्रेमेनमध्ये, आणि तिथेही बहुधा राखीव. त्याच वर्षी ब्रेमेनला बुंडेसलिगा आणि जर्मन चषक असे दुहेरी यश मिळवून देणारे प्रशिक्षक थॉमस शाफ हे रेहागेल यांच्या हाताखाली खेळलेले बचावपटू. परदेशी प्रशिक्षकाने युरोपीय अजिंक्यपद मिळवून देण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि रेहागेल तेव्हा ६५ वर्षांचे होते.

पुढची वर्षे उतरणीची आहेत, आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी ती लपवू नयेत. विजयानंतर जर्मन महासंघाने राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांना देऊ केली. त्यांचाच जुना शिष्य फोलर याने राजीनामा दिल्याने ती जागा रिकामी झाली होती, पण त्यांनी नकार दिला. ग्रीस सप्टेंबर २००४ मध्ये अल्बानियाकडून हरले, २००६ च्या विश्वचषकाला पात्र ठरले नाही, आणि २००८ च्या युरोपीय स्पर्धेत तिन्ही सामने हरून परतले. जुन्या विजेत्यांवरचा त्यांचा विश्वास, जो एके काळी त्यांचे बळ होता, तो इथे अडसर झाला. नव्या खेळाडूंना वाट करून देण्यात त्यांनी उशीर केला. तरी २०१० च्या विश्वचषकात नायजेरियाला २-१ असे हरवून ग्रीसने या स्पर्धेतील आपला पहिला गोल आणि पहिला विजय मिळवला, आणि तोही त्यांच्याच काळात. २०१२ मध्ये ७३व्या वर्षी हेर्टा बर्लिनला वाचवण्यासाठी ते आले, ते मात्र जमले नाही. ड्युसेलडोर्फविरुद्धच्या गोंधळाच्या लढतीनंतर संघ खाली गेला. १९६३ मध्ये बुंडेसलिगाच्या पहिल्या दिवशी रेहागेल खेळाडू म्हणून मैदानात उतरले होते ते याच हेर्टाच्या पोशाखात. खेळाडू आणि प्रशिक्षक मिळून या स्पर्धेतील त्यांच्या सामन्यांची संख्या हजाराच्या पुढे गेलेली आहे.

ग्रीसचा खेळ आवडत नाही असे लिहिण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे. परंतु प्रशिक्षकाचे मूल्यमापन करताना ब्रेमेनची चौदा वर्षे आणि कायझरस्लाउटर्नचा १९९७-९८ चा हंगाम वाचकांसमोर ठेवायला हवा होता. अनपेक्षित विजेत्यांवरील आपल्या लेखाचा पुढचा भाग क्लब फुटबॉलवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात कायझरस्लाउटर्नला सविस्तर जागा द्यावी, आणि शक्य झाल्यास सलामीच्या पोर्तुगाल सामन्याविषयी व गटातील गोलसंख्येविषयी दुरुस्तीही छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक